दोन समुद्रांमधला डोंगर



मागे एकदा वैजापूर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत जाण्याचा योग आला. सातवीच्या वर्गात भूगोलाचा तास चालला होता. भिंतीवर जगाचा जुना नकाशा टांगलेला होता आणि गुरुजी पट्टीने पनामाचा कालवा दाखवीत होते. अटलांटिक आणि पॅसिफिक हे दोन महासागर माणसाने कसे जोडले, ते त्यांनी छान रंगवून सांगितले. तास संपल्यावर आम्ही ओट्यावर चहाला बसलो. तेव्हा ते म्हणाले, "सर, पोरांनी आज मला अडवलं. म्हणतात, तिकडं डोंगर फोडून दोन समुद्र जोडले, मग आपल्याकडं सह्याद्रीच्या पलीकडं एवढा पाऊस पडतो, तो इकडं का आणत नाहीत? मी म्हटलं, उद्या सांगतो. आता तुम्हीच सांगा."

चहा संपेपर्यंत मला नीट उत्तर देता आले नाही. आजचे भाषण म्हणजे त्या मुलांना दिलेले उशिराचे उत्तर आहे असे समजा.

मुलांचा प्रश्न भाबडा नव्हे. सह्याद्री हाही दोन समुद्रांमधला डोंगरच आहे. त्र्यंबकेश्वरच्या परिसरात उभे राहिले म्हणजे हे डोळ्यांना दिसते. ब्रह्मगिरीवर गोदावरी उगम पावते. तिथून अरबी समुद्र सरळ रेषेत जेमतेम ऐंशी किलोमीटर. पण गोदावरी त्याच्याकडे पाठ फिरवते आणि १४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. त्याच डोंगरांत वैतरणा नदीही उगम पावते, आणि ती मात्र पश्चिमेला उतरून अरबी समुद्राला जाते. एकाच डोंगरावर पडलेला पाऊस एका हाताच्या अंतराने दोन समुद्रांत वाटला जातो. या धारेच्या पश्चिमेला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि आपल्या मराठवाड्यात सरासरीने साडेसहाशे ते सातशे. तोही येईल तेव्हा खरा.

तेव्हा पश्चिमेचे पाणी पूर्वेला आणावे की नाही, आणि आणायचे तर कोणत्या वाटेने, हा प्रश्न आज ना उद्या तुमच्या-आमच्या दारात येणारच आहे. किंबहुना तो आलेला आहे. सभांमधून, वर्तमानपत्रांतून नद्याजोड योजनांची नावे आपण ऐकतो. कुठली वाट बरी, हे ठरवायचे कसे? त्यासाठी आधी थोडा वेळ पनामालाच जाऊ. तिथे वाटांची तुलना करताना माणसे कशी चुकली आणि कशी शहाणी झाली, ते आपल्या उपयोगाचे आहे.

उत्तर आणि दक्षिण अमेरिका यांना जोडणारी जमिनीची एक अरुंद पट्टी आहे. तिथे कालवा काढला तर जहाजांचा संबंध दक्षिण अमेरिकेला घालावा लागणारा वळसा वाचेल, हे सगळ्यांना दिसत होते. पण कालवा कुठे काढायचा? १८७९ च्या मे महिन्यात पॅरिस येथे मोठी परिषद भरली, तेव्हा टेबलावर अनेक वाटा होत्या. पहिली मेक्सिकोतल्या तेवान्तेपेकची. ती अमेरिकेला सर्वांत जवळची, पण तिथे जमीन दोनशे किलोमीटर रुंद आणि खिंड दोनशे मीटरपेक्षा उंच. पुढे एका इंजिनिअराने तर असे सुचविले की, इथे कालवाच नको, जहाजे प्रचंड गाड्यांवर चढवून रुळांवरूनच पलीकडे न्यावीत! दुसरी वाट निकाराग्वाची. लांबी जवळजवळ तीनशे किलोमीटर, पण मध्ये एक विशाल सरोवर आणि एक मोठी नदी आयती मिळत होती, आणि सरोवर ते पॅसिफिक यांच्यामधली खिंड साठ मीटरच्या आतली. तिसरी वाट पनामाची. लांबी सर्वांत कमी, अवघी ऐंशी किलोमीटर, आणि शेजारून रेल्वेही गेलेली. पण डोंगराची धार सुमारे शंभर मीटर उंच, आणि वाटेत चाग्रेस नावाची पावसाळ्यात पिसाळणारी नदी. शिवाय कोलंबियातल्या अत्रातो नदीची आणि आणखी एक-दोन वाटा होत्याच.

परिषदेचे सूत्रधार होते फर्दिनांद द लेसेप्स. सुएझचा कालवा काढणारे हे गृहस्थ त्या वेळी जगद्विख्यात होते. त्यांनी पनामा निवडले, आणि एक हट्ट धरला की कालवा सुएझसारखाच समुद्रसपाटीचा, कुठेही चढउतार नसलेला हवा. सुएझला सपाट वाळवंट होते आणि पाऊस जवळजवळ नव्हता. पनामाला डोंगर, चिखल आणि वर्षाचे आठ महिने पाऊस. गोदँ द लेपिने नावाच्या एका फ्रेंच इंजिनिअराने त्याच परिषदेत सांगितले होते की, डोंगर तळापर्यंत खणू नका. चाग्रेसला धरण बांधा, उंचावर तळे करा, जहाजे पाण्याच्या पायऱ्यांनी वर चढवा आणि पलीकडे उतरवा. त्याचे कोणी ऐकले नाही. आणि बरं का, लेसेप्ससाहेबांनी हा निर्णय केला तेव्हा त्यांनी पनामा पाहिलेलेसुद्धा नव्हते. ते तिथे पहिल्यांदा गेले परिषदेनंतर सात महिन्यांनी.

१८८१ साली काम सुरू झाले. जितके खणावे तितके डोंगराचे काठ खाली घसरत. पीतज्वराने आणि हिवतापाने मजूर माशांसारखे मेले. सुमारे वीस हजार माणसे दगावली असे मानतात. १८८९ साली कंपनी बुडाली आणि तिच्याबरोबर फ्रान्समधल्या लाखो सामान्य कुटुंबांची शिल्लक बुडाली.

मग अमेरिकेने हे काम हाती घ्यायचे ठरवले, तेव्हा तुलना पुन्हा पहिल्यापासून झाली. त्यांच्या आयोगाचा कौल आधी निकाराग्वाकडे होता. पण फ्रेंचांच्या उरलेल्या कंपनीने आपल्या मालमत्तेची किंमत जवळजवळ अकरा कोटी डॉलरवरून चार कोटींवर आणली, आणि पारडे फिरले. १९०२ च्या मे महिन्यात कॅरिबियनमधल्या एका बेटावर ज्वालामुखीचा उद्रेक होऊन अख्खे शहर गाडले गेले होते. पनामाचे समर्थक ब्यूनो-वारीया यांनी ही संधी साधली. निकाराग्वाच्या एका टपाल तिकिटावर मोमोतोंबो ज्वालामुखी धूर सोडताना छापलेला होता. ती तिकिटे बाजारातून गोळा करून त्यांनी एकेका सिनेटरच्या हाती दिली. पुढे जून महिन्यात ४२ विरुद्ध ३४ मतांनी सिनेटने पनामाच्या बाजूने कौल दिला. केवळ तिकिटाने निकाल लागला असे म्हणता यायचे नाही. पण मोठ्या योजनांच्या निवडीत किंमत, भीती आणि प्रचार यांचा वाटा केवढा असतो, ते यावरून कळते.

अखेर अमेरिकनांनी लेपिनेचाच विचार उचलला. चाग्रेस अडवून गातून नावाचे सरोवर केले. त्याचे पाणी समुद्रापासून सव्वीस मीटर उंच राहते. जहाज प्रचंड हौदात शिरते, हौदात पाणी सोडतात, जहाज वर येते, पुढच्या हौदात जाते. असे चढत चढत ते सरोवरात पोहोचते आणि पलीकडे तसेच उतरते. १५ ऑगस्ट १९१४ रोजी कालवा खुला झाला. डासांचा बंदोबस्त झाला म्हणून मजूर जगले. ही डॉक्टर गॉर्गस यांची कामगिरी इंजिनिअरांच्या कामगिरीइतकीच मोलाची होती.

आता यातली खरी गोम ऐका. पनामात दोन महासागरांचे पाणी एकमेकांना मिळत नाही. कालवा चालतो तो पावसाच्या गोड्या पाण्यावर. एक जहाज इकडून तिकडे जायला सुमारे वीस कोटी लिटर पाणी सरोवरातून समुद्रात जाते. २०२३ साली तिथे पाऊस कमी झाला. सरोवर उतरले, आणि रोजची छत्तीस-अडतीस जहाजे बावीस-चोवीसवर आणावी लागली. म्हणजे डोंगर जिंकला, तरी पावसाचा हिशेब सुटला नाही. आपल्याकडचा दुष्काळी शेतकरी ज्या आभाळाकडे पाहतो, त्याच आभाळाकडे पनामाचे बंदर-अधिकारीही पाहत होते.

यातून वाट निवडण्याचे पाच प्रश्न हाती लागतात. चढ किती? अंतर किती? पाणी खरोखर किती आणि किती वर्षे? खर्च एकदाचा की दरवर्षीचा? आणि सर्वांत शेवटचा, पण मोठा प्रश्न, यात कोण भरडले जाणार आणि फळ कोणाला मिळणार? हे पाच प्रश्न घेऊन आता सह्याद्रीवर येऊ.

पहिलाच फरक ध्यानात घ्या. पनामात पाणी खाली उतरते आणि जहाज वर चढते. चढवण्याचे काम पावसाने वर आणून ठेवलेले पाणीच करते. आपल्याला जहाज न्यायचे नाही, पाणीच न्यायचे आहे. आणि पाणी स्वतःला वर चढवू शकत नाही. मुंबईहून येणारी आगगाडी कसाऱ्याला थांबते, तिला मागून जास्तीची इंजिने लावतात, आणि मग ती थळ घाट चढून इगतपुरीला येते. १८६५ सालापासून हा घाट रेल्वेने असाच चढला जातो. पाण्याच्या मागे लावायचे इंजिन म्हणजे पंप, आणि त्याचे इंधन म्हणजे वीज.

किती वीज? हा हिशेब शाळेतली मुलेही करू शकतील. एक हजार लिटर पाणी तीनशे मीटर उंच चढवायला, पंपातली तूट धरून, एका युनिटाहून थोडी जास्त वीज लागते. एवढे एक वाक्य लक्षात ठेवले तर कोणत्याही योजनेची परीक्षा घरबसल्या करता येते. धरणांच्या भाषेत एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, म्हणजेच सुमारे २८३२ कोटी लिटर. ते तीनशे मीटर चढवायचे तर तीन कोटी युनिट वीज हवी. पन्नास टीएमसी चढवायचे तर वर्षाला दीडशे कोटी युनिट. आणि ही वीज एकदा नव्हे, दरवर्षी लागणार.

आता वाटा पाहू. पहिली वाट माथ्यावरची. पश्चिमेकडे वाहणाऱ्या काही नद्या दरीत उडी घेण्याआधी थोडे अंतर घाटमाथ्यावरच वाहतात. तिथेच त्यांना अडवले, तर पाणी जवळजवळ आपल्याच उंचीवर मिळते. मधली धार ठेंगणी असेल तर छोटा कालवा किंवा बोगदा पुरतो आणि पाणी उताराने पूर्वेला येते. याला जुना दाखलाही आहे. केरळात पश्चिमेला वाहणाऱ्या पेरियार नदीला डोंगरातच धरण घालून, बोगद्याने तिचे पाणी पूर्वेला मदुराईकडे वळवले, ते १८९५ साली. पंप नाही, वीज नाही. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ ते पाणी वाहते आहे. अर्थात त्या धरणावरून दोन राज्यांत वादही तितकाच जुना होत आला आहे, हेही विसरू नये. आपल्याकडे इगतपुरी तालुक्यातले ऊर्ध्व वैतरणा धरण अशाच जागी आहे. त्याच्या आणि गोदावरी खोऱ्यातल्या मुकणे धरणाच्या मधला उंचवटा लहान आहे. पण अडचण अशी की, ऊर्ध्व वैतरणेच्या पाण्यावर वीज होते आणि मुंबईच्या नळांचा त्यावर आधार आहे. आणि माथ्यावर असे अडवता येण्याजोगे पाणी मुळातच थोडे आहे. वाट उत्तम, पण ओंजळ लहान.

दुसरी वाट सुरगाणा-पेठ भागातली. तिथल्या नार, पार वगैरे नद्या गुजरातेतून अरबी समुद्राला जातात. त्यांचे पाणी उचलून आणि बोगद्यांतून नेऊन गिरणेत टाकायचे, अशी नार-पार-गिरणा योजना आहे. तिला राज्य सरकारने २०२४ साली ७०१५ कोटी रुपयांची मान्यता दिली. पाणी साडेदहा टीएमसीच्या आसपास. खानदेशच्या दृष्टीने ती मोलाची. पण नकाशावर बोट ठेवून पाहा. गिरणा तापीला मिळते आणि तापी अरबी समुद्रालाच. म्हणजे या वाटेने पाणी डोंगराची एक सोंड ओलांडते, दोन समुद्रांमधली धार ओलांडत नाही. तिचा थेंबही पैठणला यायचा नाही. नद्याजोड एवढा शब्द ऐकून मराठवाड्याने टाळ्या वाजवू नयेत. कुठली नदी, कुठल्या खोऱ्यात, हे विचारावे.

तिसरी वाट सर्वांत मोठी. उल्हास, वैतरणा, दमणगंगा यांच्या कोकणातल्या खोऱ्यांत धरणे बांधायची आणि तिथून पाणी टप्प्याटप्प्याने उचलून घाटमाथ्यावर, गोदावरीच्या उगमाकडच्या धरणांत सोडायचे. इथे पाणी भरपूर. पन्नास टीएमसीहून अधिक पाण्याची भाषा केली जाते. पण कोकणातली नदी समुद्रसपाटीच्या जवळ आणि इगतपुरी सुमारे सहाशे मीटरवर. जितके खाली जावे तितके पाणी जास्त, आणि तितकाच चढ जास्त. पनामाच्या उलट इथला नियम आहे. तिथे खणणे एकदाच करायचे होते, इथे चढवणे रोज.

चौथी वाट फारसे कोणी वाट म्हणून मोजत नाही, कारण ती उलट्या दिशेची आहे. आपल्या राज्यात पाणी सह्याद्री ओलांडत नाही असे नव्हे. ते शंभर वर्षांहून अधिक काळ ओलांडते आहे. मात्र पूर्वेकडून पश्चिमेकडे! टाटांनी भीमेच्या खोऱ्यातले पाणी तळ्यांत अडवून घाटाखाली सोडले आणि वीज केली. खोपोली १९१५ साली, भिवपुरी १९२२ साली, भिरा १९२७ साली. मुळशीच्या धरणात जमिनी जाणार म्हणून मावळातले शेतकरी उभे राहिले. सेनापती बापटांच्या पुढारीपणाखालचा तो मुळशी सत्याग्रह. पुढे कोयनेचे पाणीही डोंगराच्या पोटातून खाली पोफळीला उतरवले. तिथली वीज १९६२ पासून मिळू लागली. कृष्णा लवादाने कोयनेच्या या पश्चिमेकडच्या पाण्याला वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसीची मर्यादा घातली आहे. हे सगळे पाणी कृष्णा-भीमेच्या खोऱ्यातले, म्हणजे मुळात बंगालच्या उपसागराकडे जाणारे.

गंमत पाहा. एकाच डोंगरावर एकीकडे पूर्वेचे पाणी पश्चिमेला पाडून आपण वीज मिळवतो, आणि दुसरीकडे वीज खर्चून पश्चिमेचे पाणी पूर्वेला चढवण्याचे बेत करतो. घरातला शहाणा माणूस असे दिसल्यावर विचारील, की खाली टाकतो त्यातले थोडे वरच ठेवले तर? हा प्रश्न रास्त आहे. भीमेचे पाणी वरच राहिले तर सोलापूर, धाराशिव या बाजूला त्याचा उपयोग होईल. गोदाकाठी मात्र नाही. आणि उत्तरही सोपे नाही. ती वीज मुंबईला ऐन गरजेच्या वेळी उपयोगी पडते, आणि घाटाखाली उतरलेल्या पाण्यावर आता तिकडची गावे आणि कारखाने उभे आहेत. शंभर वर्षांत पाण्याला नवे वारस निर्माण होतात. म्हणूनच पाण्याची वाट ठरवताना फार जपून ठरवावी लागते.

आता चौथ्या प्रश्नाकडे, म्हणजे खर्चाकडे येतो. इथेच माझ्या मते सगळ्याची गुरुकिल्ली आहे. आपला मघाचा हिशेब घ्या. माणशी रोज पंचावन्न लिटर धरले, तर एका माणसाला वर्षाला वीस हजार लिटर पाणी लागते. ते तीनशे मीटर चढवायला बावीस युनिट वीज पुरे. वर्षाला बावीस युनिट! एवढी वीज कोणत्याही माणसाच्या तहानेवर खर्च करायला कोणाची ना नसावी. आता उसाचे पाहा. एक एकर उसाला वर्षाला सत्तर-ऐंशी लाख लिटर पाणी लागते. तेच पाणी घाटाखालून चढवून आणले, तर एका एकराला आठ-नऊ हजार युनिट. त्या उसाचा भाव कोणी आणि किती द्यायचा? दुसऱ्या बाजूने मांडायचे तर, एक टीएमसी पाणी चौदा लाख माणसांना वर्षभर प्यायला पुरते, किंवा साडेतीन हजार एकर उसाला.

२०११ च्या जनगणनेत मराठवाड्याची लोकसंख्या एक कोटी सत्त्याऐंशी लाखांच्या घरात होती. तेवढ्या सगळ्यांच्या पिण्या-वापरण्याला वर्षाला तेरा टीएमसी पुरतात. पैठणच्या नाथसागराचा उपयुक्त साठा शहात्तर टीएमसीहून अधिक. याचा अर्थ नाथसागर एकदा भरला की चिंता मिटली असा नव्हे. तो पसरट आहे, उन्हाळ्यात त्यातले पुष्कळ पाणी वाफेने उडून जाते, आणि सगळी गावे त्याच्या उशाला नाहीत. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, हे आपण कोणीच विसरलेलो नाही. पण या आकड्यांवरून एवढे खात्रीने म्हणता येते की, तहानेसाठी पाणी उचलून आणणे परवडते. शेतीसाठी उचलून आणायचे तर कोणते पीक, हे आधी ठरवावे लागते. ते न ठरवता आणलेले पाणी जिथे आधीच पाणी आहे तिथेच मुरेल.

राहिला पाचवा प्रश्न, माणसांचा. तो डोंगराच्या दोन्ही बाजूंना आहे. जव्हार, मोखाडा, पेठ, सुरगाणा, इगतपुरी या तालुक्यांत पावसाळ्यात आभाळ फाटते. आणि त्याच तालुक्यांतल्या पाड्यांवर उन्हाळ्यात आयाबाया झऱ्याच्या तळाशी वाटीवाटीने पाणी भरतात. पाऊस पडतो, पण धरून ठेवायला काही नाही. आपण त्यांच्या दारातून पाणी नेणार, त्यांची रान-शेते धरणात जाणार, आणि त्यांच्या पाड्यावर टँकर येणार, असे झाले तर मुळशीचीच गोष्ट पुन्हा होईल. मराठवाड्याने टँकरची चव घेतली आहे. तिने दुसऱ्याच्या दारात टँकर उभा करून आपली तहान भागवू नये.

दुसरी बाजू आपली. समजा, पाणी इगतपुरीला गोदावरीच्या खोऱ्यात पडले. तिथून पैठण किती लांब! मध्ये किती धरणे, किती कालवे, किती चाऱ्या! कालव्याच्या टेलला राहणाऱ्या शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. आवर्तन सुटल्याची बातमी त्याला पेपरात कळते, पाणी कळत नाही. वरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडण्यावरून किती वाद, किती दावे झाले! शेवटी २०१४ साली राज्याच्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाला समन्यायी वाटपाचा आदेश काढावा लागला. तेव्हा पश्चिमेचे पाणी आणण्याआधी, त्यातले पैठणच्या दारात किती पोचवणार, हे कागदावर पक्के झाले पाहिजे. डोंगर ओलांडणे इंजिनिअरांना जमेल. मधल्या चाऱ्या ओलांडणे कायद्याशिवाय जमायचे नाही.

मग माझे मत काय, असे तुम्ही विचाराल. ते असे. माथ्यावरची, उताराने येणारी वाट आधी. तिचे पाणी थोडे असले तरी ते आपले खर्च न मागता येते. आमच्या छत्रपती संभाजीनगरात, मलिक अंबराने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेली नहर-ए-अंबरी आणि पुढच्या काळातली पाणचक्की आपण पाहुण्यांना कौतुकाने दाखवतो. डोंगरातले पाणी खापराच्या नळांतून केवळ उताराने शहरात खेळवले, म्हणूनच ते शतकानुशतके चालले. त्याच शहराला आज पैठणहून, शंभर मीटर खालच्या नाथसागरातून, पंपांनी पाणी चढवून आणावे लागते, आणि घरोघर नळाच्या दिवसाची वाट पाहण्यात आठवडे जातात. उताराचे मोल आम्हाला रोज कळते.

घाटाखालून उपसून आणायचे ते पाणी तहानेपुरते आणि कारखान्यांपुरते असावे, आणि त्याची वीज सूर्याची असली तर फारच बरे. ज्यांच्या डोंगरातून ते येते त्यांचे पाडे आधी भिजावेत. आणि या सगळ्याला वीस-पंचवीस वर्षे लागतील असे धरून, तोवर गावचा पाऊस गावात अडवण्याचे काम एक दिवसही थांबू नये. कोकणचे पाणी येणार म्हणून ज्या गावाने बांध घातला नाही, त्याचे पाणी दोन्हीकडून गेले असे समजावे.

श्रोते हो, लेसेप्ससाहेबांची चूक हुशारी कमी पडल्यामुळे झाली नाही. एके ठिकाणी यशस्वी झालेली युक्ती त्यांनी जमीन न पाहता दुसऱ्या ठिकाणी लावली. आपणही पनामा झाला म्हणून सह्याद्री होईल, किंवा कोयना झाली म्हणून कोकण येईल, असे म्हणू नये. आपला डोंगर आपण पाहावा, मोजावा, मग वाट निवडावी.

शाळेतल्या गुरुजनांना एक विनंती आहे. राज्याचा उठावाचा नकाशा वर्गात टांगा. मुलांना सह्याद्रीची धार लाल खडूने काढायला सांगा. मग ज्या योजनेचे नाव पेपरात येईल तिची रेघ त्यावर ओढू द्या, आणि विचारू द्या, चढ किती, अंतर किती, पाणी किती, दरवर्षीचा खर्च किती, आणि पाणी कोणाचे, कोणाला. उद्या हीच मुले मतदार होणार आहेत, पाणीवापर संस्थेच्या सभेत बसणार आहेत. त्यांच्या हाती कोणी टपाल तिकीट ठेवले, तर त्यांनी ते उलटून पाहावे, एवढे आपल्याला शिकवता आले तरी पुष्कळ झाले.

वैजापूरच्या त्या गुरुजींना मी नंतर पत्र लिहिले. लिहिले की, मुलांना सांगा, सह्याद्रीच्या पलीकडचे पाणी इकडे येऊ शकते. थोडे येईल, महाग येईल, उशिरा येईल. म्हणून आल्यावर ते कोणाच्या हंड्यात आधी पडायचे, ते आजच ठरवून ठेवा.